गाडीचं तोंड

माझी एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकते. हातात कागद-पेन्सिल आली की मला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. साठी उलटली तरी ही खोड गेली नाही. घरातली मंडळी चेष्टा करतात, हिच्यासमोर हिशोब काढू नका, ही माणसांचीसुद्धा बेरीज-वजाबाकी करेल. ते हसतात, मीही हसते. पण एकदा मी खरंच तसं करून बसले होते. ते आठवलं की अजून माझ्याच थोबाडीत दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं असेल. आम्ही धरमपेठेत राहत होतो आणि बाबा संत्र्याचे व्यापारी होते. व्यापारी म्हटलं की लोकांना वाटतं, दुकानात बसून डझनाच्या भावानं फळं विकत असतील. तसं नव्हतं. बाबा बागा घ्यायचे. फळ झाडावर हिरवं असतानाच बाग बघायची, किती माल निघेल याचा अंदाज बांधायचा, बागवाल्याशी सौदा करायचा, आणि फळ पिकलं की तोडून, पेट्यांत भरून, दिल्ली-कलकत्त्याला रवाना करायचं. सौदा झाल्यापासून तोडणीपर्यंत झाडावर जे काही होईल ते व्यापाऱ्याच्या नशिबी. गारा पडल्या तरी त्याचं नशीब, फळ गळलं तरी त्याचंच. आमचं सगळं घर बाबांच्या अंदाजावर चालायचं. आणि बाबांचा अंदाज सहसा चुकत नसे. संत्रा मार्केटात लोक म्हणायचे, या माणसाच्या डोळ्यात तराजू आहे. बाबा त्यावर काही बोलत नसत, पण ऐकून त्यांना बरं वाटायचं, हे मला घरी आल्यावर त्यांच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरून कळायचं.

बागा नरखेड तालुक्यातल्या. एसटीनं गेलं तर दिवसभरात एक बाग बघून होते, गाडीनं गेलं तर चार. म्हणून बाबा हंगामाला गाडी बांधून घ्यायचे, म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या भाड्यानं, चालवणारा आणि पेट्रोल धरून. अकरा वर्षं ती एकच गाडी होती आणि एकच माणूस. गाडी त्याच्या मालकीची आणि चालवायचाही तोच. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे तिकडचेच, नरखेडकडच्या एका खेड्यातले, पण राहायला शहरातच. अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. त्यांची उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजायची, कारण तो पाय दिवसभर पेट्रोलवर दाबलेला. बोलणं अगदी मोजकं. मी सुट्टीत कधीमधी बाबांसोबत जायची तेव्हा माझ्याशीच काय ते बोलायचे, तेही "पाणी पेतं का वं माय?" एवढंच.

गाडी जुनी, राखाडी, पेट्रोलची. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं, त्यामुळे आतला माणूस कैद. आणि तिला तहान फार. दर बागेपाशी काका बाबांना उतरवून द्यायचे, डिक्कीतून पत्र्याचा डबा काढायचे आणि रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीवर जायचे. बागेतले लोकही थट्टा करायचे, भाऊ, तुमची गाडी पेट्रोल कमी अन पाणी जास्त पेते. काका हसायचे. पाणी भरून झालं की पुन्हा आपली गाडी हलवायची, मागेपुढे करायची, कधी तोंड इकडे, कधी तिकडे. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, याला वैतागायचा. एक जागा पाहून गाडी लावली की लावली, असं त्याचं म्हणणं. त्याला तेव्हा नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि गाड्यांतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती.

तर पेट्रोल महाग होत गेलं. डिझेलच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. दादानं घरात धोशा लावला, आपणही डिझेलची गाडी घेऊ. भाड्याची झंझट किती दिवस? मी चालवतो, ड्रायव्हर नको, काही नको. मोठमोठे साहेब आता डिझेलच्याच गाडीत फिरतात. बाबा पेपरात तोंड घालून बसायचे.

पोळ्यानंतरच्या रविवारी काका घरी आले. गाडी न आणता सायकलवर आले, आणि धुतलेले कपडे घालून, म्हणून मी ओळखलं की हे कामाचं बोलायला आलेत. खुर्चीत बसले नाहीत, दाराशी उभे राहिले.

"भाऊ, एक बोलाचं होतं."

"बोल ना गा. बस आधी."

ते खुर्चीच्या टोकाशी बसले. "मेकॅनिकपाशी एक डिझेलचं इंजिन आलं आहे. माह्या गाडीत बसवून देतो म्हणते. जुनं इंजिन तो घेते, वरचे पैसे माह्यापाशी आहे. पण मंग सगळेच जाते त्याच्यात, मागं काही राहत नाई. तुम्ही तीन वर्षं गाडी बांधून घेतो म्हणा, मी उद्याच टाकतो. भाड्यातले पेट्रोलचे जे पैसे वाचतीन ते तुमचे."

"अन मी नाई म्हटलं तं?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तं ही गाडी चालवणं मले परवडत नाई, भाऊ. दुसऱ्याची सवारी अशी हंगामभर मिळत नाई. गाडी विकावी लागन. मंग गावीच."

"इंजिन किती दिवस ठेवते तो?"

"दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणे."

"दसऱ्याले सांगतो," बाबा म्हणाले.

काका गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, तू कॉलेजात हे शिकून राहिली ना, तं लाव हिशोब. विकत घ्यावी का बांधून घ्यावी. मला काय, स्वर्ग दोन बोटं उरला. बाबांनी दादाला न विचारता मला विचारलं होतं. मी फूलस्केप कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'बांधून', उजवीकडे 'विकत'. दोन शाया वापरल्या. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. आई म्हणायची, जेवायला ये वं, मी म्हणायची, आले, आणि यायची नाही.

त्या कागदावर काय नव्हतं ते विचारा. पाऊस लागून बागा बंद असल्या तरी भाडं चालूच, हे लिहिलं. दार बाहेरूनच उघडतं, हे लिहिलं. काका आजारी पडले तर काय, हेही लिहिलं, अकरा वर्षांत ते एकदाही पडले नव्हते तरी. आणि ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून लिहिलं: 'दर बागेपाशी रेडिएटरला पाणी, अर्धा तास वाया. गाडी विनाकारण मागेपुढे फिरवणे, इंधन वाया.' हे शोधून काढल्याबद्दल मी स्वतःवर इतकी खूश होते की दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, शाब्बास, अगदी नस पकडली.

उजवीकडची बाजू जिंकली. जिंकणारच होती. मी बाबांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, त्या रेघ मारलेल्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं, अक्षर लागत नसेल.

"काकाचं काय लिहिलं याच्यात?" त्यांनी विचारलं.

"हे काय, भाडं लिहिलंय ना."

"भाडं नाई म्हणत मी."

मला राग आला. आठ दिवस डोळे फोडून केलेल्या कागदात बाबा खोट काढतात म्हणजे काय? मी म्हटलं, "बाबा, हिशोबात माणसं मांडता येत नाहीत. ते तुम्ही वेगळं बघा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं असं मला आता वाटतं, पण तेव्हा माझं लक्ष कागदाकडे होतं. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. पाहू."

दसऱ्याला संध्याकाळी काका सोनं द्यायला आले. दरवर्षी यायचे. गाडी धुऊन पुसून, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकू. त्या दिवशी हार जरा मोठा होता. त्यांनी बाबांच्या हातात आपट्याची पानं दिली, पायाला हात लावला आणि उभे राहिले. काही विचारलं नाही. दादा आत पळाला. आणि बाबांना बोलता येत नाही असं पाहून मी, मूर्ख, पुढे झाले. मला वाटलं, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा कारणं सांगितलेली बरी, माणसाला पटतं. मी कागद आणला आणि काकांना एकेक ओळ वाचून दाखवली. हे भाडं, हे पेट्रोल, हे पाणी, हे गाडी फिरवणं.

पाण्याची ओळ आली तेव्हा काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा हातातली पानं सरळ करत होते.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हिशोब बरोबर आहे वं माय. काही चुकलं नाई." आणि खिशातून पानं काढून माझ्या हातावर ठेवली. गेटापर्यंत गेले, परत आले, आईला आवाज देऊन तिलाही सोनं दिलं. मग गेले. दिवाळीपर्यंतचा हंगाम त्यांनी आमचाच केला, एक दिवस चुकवला नाही. त्यानंतर गाडी विकली, असं कानावर आलं. नव्या मालकानं तिचं काय केलं कोण जाणे.

आमची डिझेलची गाडी मार्गशीर्षात आली. पांढरी, कोरी. सुरू करताना आधी चावी अर्धी फिरवून थांबायचं, आतला हीटर तापला की मग पूर्ण फिरवायची, नाहीतर ती जागची हलायची नाही. सकाळच्या थंडीत दादा स्टिअरिंगला हात लावून देवळात उभा राहावा तसा गंभीर होऊन थांबायचा, आणि मग ती अशी धडधडायची की शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमची गाडी आहे का आटाचक्की. पण आम्ही खूश होतो. पाणी लागत नाही, चारही दारं आतून उघडतात. मी मागच्या सीटवर बसून दोनदा दार उघडून पाहिलं होतं.

मृग बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणाऱ्या, बागा घ्यायचे ते दिवस. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता. पहिल्याच फेरीला मी सोबत गेले, मला माझा हिशोब रस्त्यावर पळताना बघायचा होता ना. तिसरी बाग फार सुरेख होती. झाडं गच्च, फळ एकसारखं, पानं काळी हिरवी. बागवाला बोलायला गोड, त्याच्या बायकोनं आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. दादानं गाडी सरळ नेऊन बागेच्या तोंडाशी कडुलिंबाखाली लावली आणि उतरून शेंगा खात बसला. बाबा बागेत फिरून आले. सौद्याला बसले. आजूबाजूला दोन-चार माणसं जमली होती, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे दुपट्ट्याखाली हात घालून बोटांनी भाव चालला होता, दुसऱ्याला आकडा दिसू नये म्हणून. बागवाल्यानं बोटं धरली, बाबांनी सोडवली, पुन्हा धरली. मग बाबांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. क्षणभरच. मला वाटलं, नव्या गाडीचं कौतुक. मला इतकं बरं वाटलं तेव्हा. बाबांनी परत तोंड फिरवलं आणि दुपट्ट्याखाली हात दाबला. सौदा झाला. त्या हंगामातला तो सगळ्यात मोठा सौदा होता.

संक्रांतीनंतर तिथल्या राखणदाराचा निरोप आला, फळ गळून राहिलं, या. आम्ही गेलो. बागेत शिरलो. झाडाखाली फळांचा सडा. पिकायच्या आतच सुकून, पिवळी पडून, लिंबाएवढी राहिलेली संत्री. मी उभी होते तेवढ्यात समोरच्या झाडावरून एक पडलं, मग दुसरं. वारासुद्धा नव्हता.

दादा बागवाल्याला शोधायला वस्तीकडे गेला. बाबा झाडांकडे न बघता सरळ विहिरीकडे चालू लागले. मी मागोमाग. त्यांनी आत वाकून पाहिलं. मीही पाहिलं. खाली कोरड्या खडकात एक हिरवट डबकं होतं आणि पंपाचा पाइप त्याच्या वर लोंबत होता. बाबा काठावरच्या दगडावर बसले.

"बस," ते म्हणाले. "तुले सांगायचं होतं. दसऱ्याच्या आधीच सांगायला पाहिजे होतं."

मी बसले.

"बाग पाहायले गेलं की बागवाल्यासमोर विहिरीत वाकून पाहत नाई. ते म्हणजे तू खोटा आहे म्हणून तोंडावर सांगणं. त्याचा अपमान होते, मंग तो सौदाच करत नाई. म्हणून काका जायचा. रेडिएटरचा डबा घेऊन. बादली सोडायची, किती हात दोर गेला ते पाहायचं, पाणी आलं का चिखल आला ते पाहायचं. मंग येऊन गाडी फिरवायची. पाणी असलं तं गाडीचं तोंड बागेकडे. नसलं तं तोंड रस्त्याकडे. मी भाव करता करता गाडीकडे पाहून घ्यायचो. अकरा वर्षं."

मी विचारलं, "तुम्ही दोघांनी ठरवलं होतं हे?"

"काही ठरवलं नाई. पहिल्या वर्षी एका बागेत त्यानं गाडी उलटी लावली. मी विचारलं, काहून गा? म्हणे, भाऊ, अठरा हात दोर गेला अन बादलीत चिखल आला. मी ती बाग सोडली. त्याच्यानंतर यावर आम्ही एक शब्द बोललो नाई."

"पण मग या वेळी तुम्ही…"

"या वेळी मी गाडीकडे पाहिलं," बाबा म्हणाले. "तोंड बागेकडे होतं."

दादानं लावली होती ती. सावली पाहून लावली होती. बाबांना हे माहीत होतं, डोक्यात माहीत होतं. पण अकरा वर्षांची मान वळली, डोळ्यांनी पाहिलं, आणि डोक्याला विचारायच्या आत हात दाबला गेला. बागवाल्यानं काही लपवलं नव्हतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तोही आपल्या विहिरीला पाणी येईल या आशेवर बसलेला माणूस.

मी म्हटलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत? मी तो कागद फाडून टाकला असता."

बाबा म्हणाले, "मार्केटात म्हणतात ना, याच्या डोळ्यात तराजू आहे. अर्धा तराजू त्याचा होता. पोटच्या पोरीसमोर सांगायची लाज वाटली मले. अन मनात म्हटलं, एवढी वर्षं झाली, आता आपलं आपल्याले जमन."

मी रडले. त्यांच्यावर रागावून रडले की स्वतःवर, ते सांगता येणार नाही. ज्या पाण्याच्या ओळीखाली मी ऐटीत रेघ ओढली होती, ती काकांना वाचून दाखवली होती मी, दसऱ्याच्या दिवशी, त्यांच्या तोंडावर. आणि त्या माणसानं बाबांची लाज राखून, हिशोब बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं. एक शब्द बोलले असते तर त्यांची गाडी वाचली असती. ते बोलले नाहीत.

घर काही बुडालं नाही. बाकीच्या बागांनी तारलं. पण बाबा त्यानंतर बागेत गेले की उगाच दोन-दोन फेऱ्या मारायचे, सौदा तोंडाशी आला की अडखळायचे, आणि चांगल्या बागा दुसरे घेऊन जायचे. दादाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. मीही नाही. त्याला कशाला ते ओझं.

उन्हाळ्यात एक दिवस बाबा म्हणाले, काकाकडे जाऊ. मी म्हटलं, मीही येते. दादानं गाडी काढली.

काकांचं घर गावाच्या टोकाशी, रस्त्याला लागून. मातीचं, पण पोतेरा केलेलं, अंगणात बाज. काका कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर जायला लागले होते. आम्हाला पाहून लगबगीनं बाहेर आले. पायात त्याच चपला, पण आता दोन्ही सारख्याच झिजलेल्या. दादानं गाडी नेऊन त्यांच्या दाराकडे तोंड करून उभी केली. काकांनी गाडीला एक चक्कर मारली, मागच्या दाराच्या मुठीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे उघडते का वं आतून?" मी मान हलवली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकूंनी चहा केला. बाबा बाजेवर बसले, काका खाली. इकडचं तिकडचं झालं. मग बाबांनी बशी हातात धरूनच सांगितलं, "तुले न्यायले आलो. गाडी माही, पण चालवायची तू. पगार तू म्हणशील तो."

काका म्हणाले, "पाहू ना भाऊ. चहा घ्या आधी, निवून राहिला."

"पाहू नाई. हो म्हण."

काका अंगणातल्या मातीत बोटानं रेघा ओढत राहिले. आणि मग बाबा, ज्यांना घरात पोरीसमोर सांगायची लाज वाटली होती, ते दादासमोर, काकूंसमोर, माझ्यासमोर म्हणाले, "मले तुह्याशिवाय बाग घेता येत नाई गा. हे मी तुले कधी सांगितलं नाई. माहं चुकलं."

दादा बघतच राहिला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी पुढे होऊन म्हणाले, "काका, तो कागद माझा होता. बाबांचा नव्हता. मला काही माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत राहीन वं माय," काका म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू लहान आहे. अन तुहा हिशोब बरोबरच होता."

मग ते उठले. दादाला म्हणाले, "चावी दे रे बाप्पा. गाडी आडवी झाली, आता बैलं येतीन वावरातून. फिरवून ठेवतो."

दादानं चावी दिली. काका गाडीत बसले. स्टिअरिंगला हात लावला, सीट जराशी पुढे घेतली. चावी अर्धी फिरवली आणि थांबले. डिझेलच्या गाडीला असं थांबावं लागतं हे त्यांना आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. मेकॅनिकनं सांगितलं असेल, त्यांच्या गाडीत ते इंजिन बसायचं होतं तेव्हा. हीटर तापेपर्यंत ते समोर बघत बसून राहिले. मग गाडी सुरू झाली. त्यांनी ती मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, अगदी सावकाश, जशी बागेपाशी घ्यायचे तशी. आणि बंद केली. उतरून दुपट्ट्याच्या टोकानं दाराची मूठ पुसली, आणि चावी दादाच्या हातात दिली.

बाबा बशी हातात धरून गाडीकडे बघत होते. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं.

त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला, बशी बाजेखाली ठेवली आणि उठले. काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. 

"चला," बाबा आम्हाला म्हणाले. "त्यानं सांगितलं."

दादा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काय सांगितलं? ते तर काहीच बोलले नाहीत."

मी मागचं दार उघडून आत बसले. दादानं चावी अर्धी फिरवली, थांबला, मग पूर्ण फिरवली. गाडी वळवावी लागली नाही. ती सरळ रस्त्याला लागली.